उतरलेले कोपर

बेसबॉल शिकवणाऱ्या तिर्सो माल्दोनादोच्या मैदानावरचा एखादा मुलगा अमेरिकेतल्या क्लबाशी करारबद्ध झाला, की त्याच्या चित्राचे टी-शर्ट निघत. आई, मावश्या, चुलते, शेजारीपाजारी, इतकेच काय, त्या मुलाला कधीकाळी नापास करणारी शिक्षिकासुद्धा तो टी-शर्ट चढवून मोटारसायकलींच्या मिरवणुकीत सामील होई. कोन्सुएलो गावात ही रीत कोणी सुरू केली हे कोणाला आठवत नव्हते. पण गेली कित्येक वर्षे त्या टी-शर्टवरचे चित्र देयानिरा फिप्सच्या हातचे असे, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होते.

तिर्सोला छायाचित्र चालत नसे. छायाचित्रात ही पोरे उपाशी आणि घाबरलेली दिसतात, असे त्याचे म्हणणे. चित्रात मांड्या भरता येतात, छाती रुंद करता येते, नजर दूरच्या एखाद्या भरलेल्या स्टेडियमवर खिळवता येते. देयानिरा ते सगळे करून देई. साखर कारखान्याच्या मागच्या गल्लीत तिचे लाकडी घर होते आणि पुढच्या खोलीत खिडकीशी तिचे टेबल. चर्चचे फलक, लॉटरीच्या दुकानांच्या पाट्या, लहान मुलांच्या वाढदिवसांचे पडदे असे काहीबाही ती रंगवत असे. पण चूल पेटायची ती तिर्सोच्या कामावर.

त्या वर्षी नाताळाच्या आधी तिर्सोने तिला आपल्या फोनवर काही चित्रे दाखवली. राजधानीतला कोणी तरुण ती संगणकावर काढत असे. खेळाडूंच्या मागे विजा कडाडत होत्या, बॅटमधून आगीचे लोळ निघत होते, कपाळावरचा घाम हिऱ्यासारखा चमकत होता. हा मुलगा एका दुपारात काम हातात ठेवतो, असे तिर्सो म्हणाला, आणि मग हसत हसत पुढे म्हणाला, "तुझे सगळे पिचर एकाच आईच्या पोटचे दिसतात, देयानिरा. नुसती डोकी बदलतेस."

देयानिराही हसली. मैदानापासून घरापर्यंत मात्र तिच्या कानशिलांत ते वाक्य ठणकत राहिले, कारण ते खरे होते. पूर्वी कधीतरी एकदा तिला चेंडू फेकणाऱ्या पिचरचे एक चांगले शरीर साधले होते, आणि तेव्हापासून ती त्याच शरीरावर एकेक चेहरा चिकटवत आली होती. पुढचा टी-शर्ट होस्वेलचा होता. तो तरी आपण नव्याने काढायचा, समोर उभा करून काढायचा, असे तिने ठरवले.

होस्वेल जेम्स हा शेजारच्या क्रुसिताचा एकुलता एक मुलगा. बाप्तिस्म्याच्या वेळी देयानिराने धर्ममाता म्हणून त्याला हातावर धरले होते. त्यामुळे दोघी बायका एकमेकींना कोमाद्रे म्हणत आणि होस्वेल तिला माद्रिना म्हणे. त्याचा बाप होडीत बसून पोर्तो रिकोकडे निघाला होता. तो पोचला की नाही, हे कधी कळले नाही. क्रुसिता चौकाच्या कोपऱ्यावर मोठी कढई मांडून यानिकेके तळायची. पातळ लाटलेल्या, खारट, कुरकुरीत त्या पुऱ्यांवर तिने मुलाला वाढवले आणि मिसरूड फुटायच्या आधीच तिर्सोच्या वसतिगृहात धाडले. तिथे तो खायचा, झोपायचा आणि चेंडू फेकायचा. क्लबाचा शब्द मिळाला होता. वसंतात त्यांच्या डॉक्टरांनी हात तपासून पसंत केला होता. आता जानेवारीच्या मध्यावर होणारी सही तेवढी उरली होती. त्या सहीवर क्रुसिताचे विटांचे घर उभे होते, तिचे सुजलेले पाय उभे होते, आणि कढईसमोरून उठून कधीतरी खुर्चीवर बसण्याची तिची इच्छाही.

सहीच्या आधी टी-शर्ट कोणी अंगावर घालत नसे. गठ्ठे तिर्सोच्या खोलीत दोरीने बांधलेले असत. आधी घातला, तर मुलगा खारतो, असे कोन्सुएलोत म्हणत. खारला म्हणजे त्याच्या नशिबात मीठ पडले. मग त्याच्या हातून काही घडत नाही. मागे एका मुलाच्या मामाने आदल्या संध्याकाळी हौसेने टी-शर्ट चढवला होता, आणि दुसऱ्या दिवशी क्लबाला शोध लागला की मुलाने दिलेला जन्मदाखला त्याच्या मेलेल्या धाकट्या भावाचा आहे. त्या प्रकरणात दाखल्याचा दोष फारसा नव्हता, मामाचा होता, याबद्दल गावात दुमत नव्हते.

होस्वेल आला तो रविवारी दुपारी. अंगणात नीरफणसाच्या सावलीत देयानिराने त्याला उभे केले. डावा पाय उचललेला, छाती पुढे, चेंडू धरलेला उजवा हात मागे ताणलेला. ती स्टुलावर बसली आणि रेघा मारू लागली. तो मधून मधून थांबायचा, हात झटकायचा, पुन्हा उभा राहायचा. त्याचे उजवे कोपर खांद्याच्या बरेच खाली उतरलेले तिला दिसले. खालचा ओठ दातांखाली धरलेला दिसला. पण या गोष्टींकडे ती खुणा म्हणून पाहत नव्हती. टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत एकच तार कोणीतरी पिळून ताणली आहे, आणि ती तार त्या उतरलेल्या कोपरातून जाते, एवढेच तिच्या डोळ्यांना कळत होते. कागदावर आज जो देह उतरत होता तो दुसऱ्या कोणाचाच नव्हता. तिचा हात कित्येक वर्षांत असा चालला नव्हता.

काम संपल्यावर होस्वेल तिच्या मागे येऊन उभा राहिला आणि कागदाकडे पाहू लागला.

"माद्रिना," तो शेवटी म्हणाला, "कोपर जरा वर घेशील?"

"का रे?"

"शाळेच्या भिंतीवर काढलं होतंस ना मला, तसं. खांद्याच्या रेषेत."

"तेव्हा तू तसा उभा होतास. आज असा उभा आहेस. मी दिसतं ते काढते."

त्याने गल्लीकडे नजर टाकली. आईची कढई चौकात होती, जवळपास कोणी नव्हते. मग त्याने हळू आवाजात सांगितले. नोव्हेंबरपासून कोपरात तापलेली तार शिरल्यासारखे होत होते. कोपर खाली ठेवले की कमी दुखायचे. करार ठरलेल्या मुलांना शेवटचे काही आठवडे जपून ठेवतात, हलकाच सराव देतात, म्हणून अजून कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

"सही झाली की हात त्यांचा," तो म्हणाला. "मग कापतील, शिवतील, वर्षभर बसवून खायला घालतील. सहीच्या आधी कळलं तर हात माझा. आणि माझा हात कोण दुरुस्त करणार? आईची कढई?"

देयानिराने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आईला सांगू नकोस, प्रोफेला तर नाहीच नाही, असे तो म्हणाला. मुले तिर्सोला प्रोफे, म्हणजे सर, म्हणत. तिने वचन दिले, आणि कोपर वर घेते असेही सांगितले. ते सांगताना तिच्या मनात खोट नव्हती.

तिने प्रयत्नही केला. नवा कागद घेतला आणि कोपर खांद्याच्या रेषेत आणले. लगेच पाठ सैल पडली, उचललेला पाय कोणाकडून तरी उधार आणल्यासारखा दिसू लागला. दातांखालचा ओठ आता मूर्खपणाचा वाटू लागला म्हणून तो सोडवला, तर तोंडच निघून गेले. दुसऱ्या कागदावरही तेच झाले, तिसऱ्यावरही. प्रत्येक वेळी कोपर वर गेले की तो जुनाच, सगळ्यांचा सामाईक पिचर समोर येऊन उभा राही, आणि त्याच्या खांद्यावरून तिला तिर्सोचे हसणे ऐकू येई. सान पेद्रोचा छापखानेवाला फोन करत होता. टी-शर्टवर कोपर कोण पाहतो, असे तिने स्वतःला विचारले. लोक चेहरा पाहतात. तिर्सो क्लबाचे नाव नीट लिहिले आहे का ते पाहील. तिने निर्णय घेतला असे म्हणणेही कदाचित बरोबर होणार नाही. कोपर वर घेतलेला कागद तिने बाजूला ठेवला आणि अंगणात काढलेल्या पहिल्या कागदावर शाई भरायला घेतली, इतकेच.

छापखान्याने नमुन्याचे दोन टी-शर्ट पाठवले. शनिवारी क्रुसिता पिठाच्या हातांनीच धावत आली, आणि हात पुसल्याशिवाय शिवायचे नाही म्हणून दाराशीच थांबली. तिने ते चित्र पाहिले आणि ती रडू लागली. हाच माझा मुलगा, असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. छायाचित्रात कधी सापडला नाही तो हाच. तिने दुसऱ्या दिवशी इग्वेच्या देवीला जायचा बेत केला होता. एक टी-शर्ट बरोबर न्यावा, देवीच्या पायाशी टेकवून आणावा, अशी तिची इच्छा होती. देयानिरा घुटमळली. पण मुलाला दिलेले अर्धे वचन तिने मोडले होते आणि आईला काहीतरी द्यावे असे तिला फार वाटत होते. तिने टी-शर्ट कागदात गुंडाळून दिला आणि तो अंगावर घालू नकोस असे बजावले. क्रुसिता हसली. मी काय वेडी आहे का, म्हणाली.

इग्वेच्या मोठ्या चर्चमध्ये देवीपुढे जायला रांग असते. नंतर क्रुसिताने देयानिराला सांगितले, ते असे. रांगेतल्या प्रत्येक बाईच्या हातात आपल्या लेकराचे काहीतरी होते. कोणाकडे छायाचित्र, कोणाकडे इस्पितळातला मनगटपट्टा, कोणाकडे कापलेले केस. देवी उंचावर, काचेआड. तिला एवढ्या लांबून हे घडी घातलेले कापड कसे ओळखू येणार? म्हणून तिने तो टी-शर्ट झग्यावरून चढवला, रांग पुढे सरकली तेवढ्यापुरताच, आणि दारातून बाहेर पडण्याआधी काढून पुन्हा कागदात गुंडाळला. देवीने मान डोलावल्यासारखे तिला वाटले होते. तिच्या मागे थोड्या अंतरावर कोन्सुएलोचीच एक बाई उभी होती. संध्याकाळी बस गावात पोचेपर्यंत बातमी तिच्याआधी चौकात उतरली होती.

सोमवारी देयानिरा दुसरा टी-शर्ट घेऊन मैदानावर गेली. तिर्सो पत्र्याच्या छपराखाली बसला होता. त्याने टी-शर्ट टेबलावर पसरला, तळहाताने सुरकुत्या काढल्या आणि पाहत राहिला. मग त्याचे बोट टाचेपासून निघाले, पोटरीवरून मांडीवर, कमरेवरून पाठीवर हळूहळू चढत गेले.

"हे चांगलं आहे गं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "हे फारच चांगलं आहे. त्या संगणकवाल्या पोराच्या बापालासुद्धा जमणार नाही."

असे शब्द देयानिराने किती वर्षांत ऐकले नव्हते ते तिलाच आठवत नव्हते. तिर्सोचे बोट खांद्यापर्यंत आले, तिथून खाली उतरले आणि कोपरावर थांबले.

"मनानं काढलंस," त्याने सहज विचारले, "की कुठल्या मासिकातून उचललंस?"

"मासिकातून? माझ्या अंगणात उभा होता तो. मी बघितलं तेच काढलंय. एक रेघ इकडची तिकडे केलेली नाही."

ते बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे तिला ऐकू आले. अजूनही वेळ होती. तो दमला होता, मला कोपरे नीट जमत नाहीत, स्टूल बुटके असल्याने मला खालून दिसत होते, असे काहीही सांगता आले असते. पण त्यातले प्रत्येक वाक्य तिला चित्र काढता येत नाही असे म्हणत होते, आणि तिर्सो अजून त्या चित्राकडे त्याच आदराने पाहत होता. ती गप्प बसली. तिर्सोने टी-शर्टची व्यवस्थित घडी घातली. काम छान झाले आहे, असे तो पुन्हा म्हणाला, फक्त छपाई जरा थांबवायला सांग.

घरी येऊन तिने फोन हातात घेतला. होस्वेलला सावध करता आले असते. पण सावध करायचे तर कशामुळे ते सांगावे लागणार होते. तिर्सो समजूतदार माणूस आहे, तो मुलाला बाजूला घेऊन विचारेल, डॉक्टरकडे नेईल, असे तिने स्वतःला सांगितले आणि फोन ठेवून तांदूळ धुवायला घेतले.

मंगळवारी सकाळी तिला राहवले नाही. ती मैदानाच्या तारेपाशी जाऊन उभी राहिली. तिर्सोने सगळ्या मुलांना पांढऱ्या रेषेवर ओळीने बसवले होते. होस्वेल मातीच्या उंचवट्यावर उभा होता. तिर्सो चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या मागे खुर्ची टाकून बसला होता आणि त्याचा आवाज अतिशय प्रेमळ होता.

"एक जोरात, राजा."

होस्वेलने फेकला.

"वा. अजून एक. कोपर वर ठेवून."

होस्वेलने कोपर वर घेऊन फेकला. मग आणखी एक, आणि आणखी एक. प्रत्येक चेंडूनंतर तिर्सो त्याला शाबासकी देई आणि पुढचा टाकायला सांगे. तिर्सोला जे कळायचे होते ते पहिल्या काही चेंडूंतच कळले असावे. पण त्याला एकट्याला कळून भागणार नव्हते; या मैदानावर काही लपवता येत नाही, हे रेषेवर बसलेल्या मुलांनीही पाहायला हवे होते. एकदा चेंडू परत येण्याची वाट पाहताना होस्वेलची नजर तारेकडे वळली. त्याने माद्रिनाला पाहिले. तिला हात करता आला असता, हाक मारता आली असती, आत शिरून त्याला खाली ओढून आणता आले असते. तिने तार धरून ठेवली. तो तिच्याकडे पाहून किंचित हसला, काळजी करू नकोस असे सांगणारे ते हसू होते, आणि त्याने पुन्हा पाय उचलला.

तो चेंडू कॅचरपर्यंत गेलाच नाही. मधेच आपटून बाजूला घरंगळत गेला. होस्वेल ओरडला नाही. त्याने उजवे कोपर डाव्या हातात धरले होते, कोणीतरी आपली वस्तू क्षणभर सांभाळायला दिलेली असावी तसे. रेषेवरच्या मुलांनी माना खाली घातल्या. तिर्सो उठला, टोपी काढून त्याच्याजवळ गेला, त्याच्या मानेवर हात ठेवून हलकेच काहीतरी बोलला, आणि त्याला सामान आवरायला पाठवले. तिर्सो दुष्ट नव्हता. त्याने एकदा जरी तुटलेला हात क्लबाला विकला असता, तर त्याच्या मैदानावर पुन्हा कोणताच क्लब फिरकला नसता, आणि रेषेवर बसलेल्या मुलांनाही आया होत्या. दुपार कलायच्या आत क्लबाशी त्याचे बोलणे झाले. होस्वेलच्या जागी आनेउरी नावाच्या मुलाला घ्यायचे ठरले. हा आनेउरी त्या सकाळी रेषेवरच बसला होता.

गावाला कारण शोधावे लागले नाही. ते रविवारपासून चौकात तयारच होते. आईनेच पोराला खारवले. काहींनी ते क्रुसिताच्या पाठीमागे म्हटले, काहींनी तोंडावर. मीठ जरा बेताने घाल गं, पोराला घातलंस तेवढं पुरे, असे एका रिक्षावाल्याने पुऱ्या घेताना म्हटले आणि बाकीचे गिऱ्हाईक हसले. दुसऱ्या दिवशी हसायला गिऱ्हाईक आले नाही. ज्यांची मुले मैदानावर होती त्या आया तिची सावली नको म्हणून रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागल्या.

क्रुसिताकडचा टी-शर्ट देयानिरा स्वतः जाऊन घेऊन आली. असली वस्तू घरात ठेवू नये, असे ती म्हणाली. क्रुसिताने तो दोन बोटांत धरून तिच्यापुढे केला. देयानिराने घरी येऊन तो चुलीत घातला, आणि कापड पूर्ण जळेपर्यंत, शाई भरलेल्या भागाची काळी पापडी होऊन तिचा चुरा होईपर्यंत ती काठीने ढोसत राहिली.

त्यानंतर होस्वेल आला. हात गळ्यात बांधलेला होता. तो बसला नाही.

"माद्रिना, खरं सांग. तू प्रोफेला सांगितलंस?"

"तुझ्या हाताबद्दल मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. देवाशपथ."

तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

"आणि चित्रात? कोपर वर घेतलं होतंस ना?"

"घेतलं होतं," देयानिरा म्हणाली. टेबलाखालून तिने बाजूला ठेवलेला कागद काढून त्याच्यापुढे धरला. कोपर खांद्याच्या अगदी रेषेत होते. होस्वेलने ते पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. राग धरायला बाहेरचे कोणीच आता उरले नव्हते. म्हणजे आईनेच, असे तो म्हणाला. हळू, जणू हिशोबाची शेवटची ओळ वाचावी तसे. मग निघून गेला.

त्या दिवसापासून तो आईशी बोलेनासा झाला. ती समोर आली की उठायचा. तिने वाढलेले ताट झाकलेलेच राहायचे.

तिर्सो आठवडाभरात देयानिराच्या घरी आला. सोबत आनेउरीचे छायाचित्र होते. नवे काही काढत बसू नकोस, वेळ नाही, असे तो म्हणाला. तेच शरीर ठेव, चेहरा बदल आणि कोपर वर घे. मग दारात थांबून त्याने टोपी हातात घेतली. तिच्या डोळ्यांनी त्याचे नाव वाचवले होते, असे त्याने सांगितले, आणि यापुढे या मैदानाचे काम दुसऱ्या कोणाकडे जाणार नाही असा शब्द दिला. हे गावात कोणाला कळू नये, असे देयानिरा म्हणाली. तिर्सोने मान डोलावली. अशा गोष्टी बोलायच्या नसतात, हे त्यालाही माहीत होते. देयानिराने कोपर वर घेतलेला तोच कागद पुढ्यात ओढला, होस्वेलचा चेहरा खोडला आणि आनेउरीचा बसवला. सही झाली, मिरवणूक निघाली, मोटारसायकलींचे भोंगे वाजत राहिले. चित्राबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती.

मिरवणूक गल्लीतून गेली, त्यानंतर क्रुसिता आली. ती स्वयंपाकघरात खाली जमिनीवरच बसली. तिचे हात स्वच्छ होते. कढई बरेच दिवस चढली नव्हती.

"कोमाद्रे, तू चार पुस्तकं वाचलेली आहेस," ती म्हणाली. "लोकांचं मी धरत नाही. तू सांग. माझ्यामुळेच झालं का?"

देयानिरा भाजी चिरत होती. तिने सुरी ठेवली. क्रुसिता वर पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, नुसता प्रश्न होता, आणि तिला नाही हे उत्तर दिले असते तर तिने लगेच, लहान मुलासारखे, मग कशामुळे असे विचारले असते.

"मी तुला सांगितलं होतं," देयानिरा म्हणाली. "घालू नकोस म्हणून."

क्रुसिताने मान डोलावली. बराच काळ चाललेल्या दुखण्याचे नाव शेवटी डॉक्टरने सांगावे, तसे तिला हलके वाटलेले दिसले. मग तिने आपला बेत सांगितला. राजधानीत एका घरी राहून काम करणारी बाई हवी होती. ती जाणार होती. आईची सावली दूर गेली तर मीठ उतरेल, हात भरून येईल, एखादा दुसरा क्लब बघेल. पोराने तोवर देयानिराकडे जेवावे, इथेच राहावे. महिन्याच्या महिन्याला ती पैसे पाठवील.

"तुझा हात लाभतो त्याला," ती म्हणाली. "तू धरलं होतंस ना बाप्तिस्म्याला. एक थेंब रडला नव्हता."

देयानिरा हो म्हणाली.

निघायच्या सकाळी क्रुसिता पिशवी घेऊन दाराशी आली. बस कोपऱ्यावर उभी होती, चालक भोंगा वाजवत होता. ती उंबऱ्याच्या आत आली नाही; आपण आत यावे की नाही याचा तिने आधीच विचार केलेला दिसत होता. पडद्यापलीकडे होस्वेल टेबलापाशी उभा होता. त्याच्या डाव्या हातात कॉफीचा कप होता. त्याने देयानिराकडे पाहून मान हलवली, नाही म्हणून.

"उठलाय का गं तो?" क्रुसिताने विचारले.

"झोपलाय," देयानिरा म्हणाली.

"मग राहू दे. उठवू नकोस." ती पडद्याकडे थोडा वेळ पाहत राहिली. "दुखत असेल तर गरम कापडानं शेक. सांगत नाही तो, आपणच ओळखावं लागतं."

भोंगा पुन्हा वाजला. क्रुसिताने पिशवी उचलली आणि ती सुजलेल्या पायांनी जमेल तितक्या भराभर कोपऱ्याकडे गेली. बस निघाल्याचा आवाज आला, मग तोही ऐकू येईनासा झाला. पडद्यापलीकडून होस्वेलने कॉफीत साखर कमी आहे असे सांगितले. देयानिराने डबा उघडला आणि चमचा भरून त्याच्या कपात घातला.